घरी विद्युत वाहन चार्जिंगची सोय करताना



गेल्या चार-पाच वर्षांत खेड्यापाड्यातील रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. डेअरीवर दुधाच्या कॅन नेणाऱ्या स्कूटर, बाजारच्या दिवशी भाजीपाला वाहणाऱ्या तीनचाकी, आणि आता एखाद्या बागायतदाराच्या दारात उभी असलेली विजेवरची मोटारही. पेट्रोलवर होणारा खर्च पाहता पुढील काळात ही वाहने वाढतच जाणार. वाहन घेताना आपण किंमत विचारतो, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारतो, अनुदानाची चौकशी करतो. परंतु ते घरी कोठे आणि कोणत्या वायरीवर चार्ज करावयाचे, हा प्रश्न बहुधा वाहन दारात आल्यावर पडतो. मग समोर दिसेल त्या सॉकेटमध्ये पिन घातली जाते.

माझ्या हातून हीच चूक झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात मी स्कूटर घेऊन गावी गेलो होतो. ओसरीवर एक जुना विजेचा बोर्ड आहे. त्याला एक्स्टेंशन लावून, मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसावी म्हणून मध्ये एक जोड घालून, रात्री स्कूटर चार्जिंगला लावली आणि झोपलो. पहाटे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रबर जळाल्यासारखा वास आला. त्यांनी उठून प्रथम मेन स्विच पाडला आणि मगच मला हाक मारली. पिन सॉकेटमध्ये वितळून चिकटली होती. तेथून दोन हातांवर पेरणीसाठी राखून ठेवलेल्या सोयाबीनच्या बियाण्याची पोती होती. बोर्ड उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनेला जमिनीतून आलेली तार नव्हतीच. न्यूट्रलचाच एक तुकडा तेथे जोडलेला होता. कित्येक वर्षे त्या बोर्डावर आम्ही इस्त्री आणि मिक्सर वापरत होतो.

मी कृषिविद्येचा शिक्षक आहे, विद्युत अभियंता नव्हे. वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. पण त्याच्याकडून काय करून घ्यावयाचे, कोठे हात आखडता घेऊ नये आणि कोणत्या गोष्टीला सरळ नकार द्यावा, हे मालकाला समजले पाहिजे. त्या प्रसंगानंतर जे शिकलो, विचारले व करून घेतले ते येथे देत आहे.

वाहन किती वीज ओढते?

आपल्या नेहमीच्या मापाने पाहू. पाच अश्वशक्तीचा पंप चालू असताना साधारण साडेचार किलोवॅट वीज घेतो. स्कूटरचा चार्जर बहुधा ६५० ते ९०० वॅटचा असतो, म्हणजे एक अश्वशक्तीच्या आसपास. २३० व्होल्टला तो तीन ते चार अँपिअर प्रवाह घेतो. मोटारीसोबत मिळणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो व सुमारे ३.३ किलोवॅट घेतो; म्हणजे घरात चार अश्वशक्तीची मोटार लावल्यासारखेच. भिंतीवर कायमचा बसवावयाचा मोठा चार्जर सिंगल फेजवर ७.२ किलोवॅटपर्यंत, म्हणजे ३२ अँपिअर प्रवाह घेतो. थ्री फेजवरचे ११ किलोवॅटचे चार्जरही मिळतात, परंतु आपल्या घराला त्याची क्वचितच गरज भासेल.

आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. इस्त्री किंवा पाणी तापविण्याचा हीटर मोठा प्रवाह घेतो, पण दहा-पंधरा मिनिटे. ३० युनिट क्षमतेची मोटारीची बॅटरी पूर्ण भरावयास साध्या चार्जरने नऊ-दहा तास लागतात. एवढा वेळ वायर, सॉकेट आणि प्रत्येक जोड पूर्ण भार सोसत असतो. दहा मिनिटांच्या वापरात जो ढिला स्क्रू कधी जाणवला नाही, तो येथे रात्रभर तापतो. जुन्या घरातील वायरिंग दिवे, पंखे व टीव्ही डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडून हे काम घेऊ नये एवढेच.

प्रथम वीजबिल हातात घ्यावे. त्यावर मंजूर भार छापलेला असतो. गावातील पुष्कळ घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो. स्कूटर त्यात बहुतेक वेळा भागते. मोटार घ्यावयाची असेल तर मात्र महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज करून भार वाढवून घ्यावा. घरी स्वतःचे वाहन चार्ज करण्यास वेगळा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू जोडणीवर ते करता येते. भार वाढविताना खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर आणि मीटरचे टर्मिनल यांचीही पाहणी करून घ्यावी. घरात नवी जाड वायर घातली आणि खांबावरून येणारी तार मात्र वीस वर्षांपूर्वीची ॲल्युमिनियमची पातळ तारच राहिली, तर जळण्याची जागा फक्त आतून बाहेर सरकते.

स्वतंत्र वायर, स्वतंत्र सॉकेट

चार्जिंगसाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून थेट सॉकेटपर्यंत वेगळी लाइन न्यावी. तिच्यावर मध्ये कोठेही दिवा, पंखा वा फ्रीजचा फाटा काढू नये. इन्व्हर्टरच्या लाइनवर तर ती घेऊच नये. घरोघरी असलेल्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत सगळी मिळून १.८ युनिट वीज असते. स्कूटरची बॅटरी दोन ते चार युनिटांची असते. लहान भांड्यातून मोठे भांडे भरण्याचा तो प्रकार होईल, आणि घर अंधारात जाईल ते वेगळेच.

स्कूटरसाठीही १५ अँपिअरचे (नव्या मापाने १६) चांगल्या प्रतीचे सॉकेट व ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घालावी. जुने वायरमन जिला ७/२० म्हणतात तिच्या जवळपासची ही वायर. भार पाहता पातळ वायर चालली असती असे कोणी म्हणेल, पण आज स्कूटर घेणारा उद्या मोटार घेईल आणि भिंत पुन्हा फोडावी लागेल. मोटारीच्या साध्या चार्जरला हीच वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी लागतो. सॉकेट शक्यतो कारखान्यात वापरतात तसे निळ्या रंगाचे, झाकणाचे, गोल पिनांचे घ्यावे. त्याची पकड घट्ट असते व ते सतत भार सोसण्यासाठीच बनविलेले असते. मात्र आपल्या चार्जरची पिन कोणती आहे हे आधी पाहावे. त्यात बसावी म्हणून पुन्हा मध्ये जोड घालावा लागणार असेल तर त्याचा सगळा फायदा गेला. ३२ अँपिअरच्या चार्जरला सॉकेट नसतेच. तो ४० अँपिअरच्या एमसीबीवर थेट जोडतात व वायर किमान ६ चौरस मिलिमीटरची लागते.

अंतराचा हिशोब विसरू नये. पंपाची केबल लांब पडली की मोटार गरम होते हे आपणांस ठाऊक आहे, तेच येथे. मीटरपासून वाहनतळ ४० मीटर असेल तर जाणे-येणे मिळून तार ८० मीटर होते. १५ अँपिअर प्रवाहाला २.५ चौरस मिलिमीटर वायरीत सुमारे ९ व्होल्टची घट येते, ४ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ६ व्होल्टची. ३२ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरमध्ये ८ व्होल्टच्या वर घट येते. १० चौरस मिलिमीटर घेतल्यास ती ५ व्होल्टवर येते. संध्याकाळी आधीच १८० व्होल्ट दाब मिळणाऱ्या गावात हे चार व्होल्टही मोलाचे आहेत. म्हणून ३०-४० मीटरच्या पुढे एक माप वरची वायर घ्यावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे वाहन मीटरजवळ लावावे.

वाड्यातून शेडपर्यंत केबल जमिनीखालून न्यावयाची असल्यास चिलखती केबल घ्यावी व ती किमान ७५ सेंटिमीटर खोल चरात, खाली-वर वाळू घालून, वर विटांचा थर देऊन पुरावी. नांगर जेथे फिरतो तेथून ती नेऊच नये. केबल कोठून गेली आहे हे घरातल्या सर्वांना व ट्रॅक्टरवाल्याला माहीत असावे. दोन दगड रोवून खूण केली तरी पुरे.

ढिला जोड किती तापतो?

आमची पिन का वितळली, याचा हिशोब सोपा आहे. तारेत किंवा जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते. गंजलेल्या, सैल पडलेल्या सॉकेटचा रोध एक ओहम झाला आणि त्यातून साडेतीन अँपिअर गेले, तर तेथे १२ वॅट उष्णता तयार होते. १२ वॅट म्हणजे काही फार नाही असे वाटेल. पण ती हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत, चारी बाजूंनी प्लॅस्टिक असलेल्या ठिकाणी, सहा तास निर्माण होते. मोटारीच्या बाबतीत रोध त्याच्या पाचव्या हिश्शाचा, म्हणजे ०.२ ओहम धरला तरी १५ अँपिअरला ४५ वॅट होतात. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिसे वितळविण्याचे जे हत्यार असते ते २५ वॅटचे असते.

तापल्याने पितळेची पट्टी नरम पडते, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो आणि उष्णता पुन्हा वाढते. यात एमसीबी काहीही करीत नाही, कारण प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच असतो. म्हणून मध्ये घालावयाचे जोड, एक्स्टेंशन बोर्ड, गुंडाळून ठेवलेली केबलची रीळ, पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे यांपैकी काहीही चार्जिंगच्या वाटेत नसावे. तार टर्मिनलमध्ये घालताना तिला लग लावून स्क्रू पूर्ण आवळावा. ॲल्युमिनियम व तांबे यांचा साधा पीळ तर कधीच देऊ नये. काही महिन्यांत तो जोड गंजून सैल होतो.

अर्थिंग : येथे जमिनीचा अभ्यास उपयोगी पडतो

वाहनाचा सांगाडा धातूचा असतो आणि तो अंगणात, ओल्या जमिनीवर उभा असतो. चार्जरमध्ये किंवा केबलमध्ये फेज सांगाड्याला टेकली, तर हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंगची तार त्या प्रवाहाला दुसरी, सोपी वाट देते. ही वाट कागदोपत्री असून चालत नाही.

आपल्याकडे अर्थिंगसाठी लोखंडी जस्ताचा पाइप किंवा तांब्याची पट्टी खड्ड्यात पुरून भोवती कोळसा व मीठ घालतात. जमीन वीज वाहते ती तिच्यातील ओलाव्यामुळे आणि त्या ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. कोरडी माती वीज जवळजवळ वाहतच नाही. भारी काळ्या जमिनीत चिकण मातीचे प्रमाण जास्त, ओलावा धरण्याची शक्ती जास्त, त्यामुळे पावसाळ्यात व हिवाळ्यात तिच्यात उत्तम अर्थिंग मिळते. पण हीच जमीन एप्रिल-मे महिन्यांत आकसते व भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा आपण दरवर्षी पाहतो. तशीच एक पोकळी पुरलेल्या पाइपाभोवती तयार होते आणि पाइपाचा मातीशी असलेला संबंध सुटतो. ऑगस्टमध्ये मोजलेले अर्थिंग उत्तम आणि मे महिन्यात निकामी, असे यामुळे घडते. मुरमाड व खडकाळ जमिनीत पाणी टिकतच नाही. कोकणातील जांभ्यातही पावसाळा संपला की वरचा थर लवकर कोरडा पडतो. अशा ठिकाणी एका खड्ड्याने भागत नाही.

यावर उपाय म्हणजे खोली. अडीच ते तीन मीटर खोल गेले असता उन्हाळ्यातही थोडी ओल सापडते. खड्डा घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर घ्यावा. मोरीचे पाणी मुरते त्या बाजूस घेतल्यास उत्तम, परंतु गोठ्यापासून व पाणवठ्यापासून लांब. पाइपाच्या तोंडाशी नरसाळे बसवून फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतावे. मीठ दर पावसात वाहून जाते व पाइपही गंजवते, म्हणून हल्ली मिठाऐवजी बेंटोनाइट भरतात. बेंटोनाइट ही आपल्या काळ्या मातीतील चिकण मातीचीच जातभाई आहे. पाणी धरून फुगते आणि पाइपाला घट्ट बिलगून राहते. तिलाही पाणी मात्र हवेच. मीठ घालणारच असाल तर खड्डा परसबागेच्या वाफ्याजवळ किंवा झाडाच्या मुळाशी नको. सोडियमने जमिनीचा पोत बिघडतो आणि झाड का सुकले म्हणून मग आम्हाला विचारणा होते.

मुरमाड जमिनीत दोन खड्डे, त्यांच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर घेऊन तांब्याच्या अथवा जस्ताच्या पट्टीने एकमेकांस जोडावेत. काम झाल्यावर ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. रोध ५ ओहमच्या आत असावा. ही मोजणी मे महिन्यात पुन्हा एकदा करून घ्यावी. ज्याने पावसाळ्यातच मोजले त्याने अर्धेच मोजले.

न्यूट्रल म्हणजे अर्थ नव्हे

मोटारीच्या पुष्कळ चार्जरवर एक दिवा असतो. अर्थिंग नसेल तर तो लाल होतो व चार्जिंग सुरू होत नाही. गावात अशा वेळी एखादा हुशार मिस्त्री सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देतो. दिवा हिरवा होतो आणि सगळे खूश होतात. हे काम करू देऊ नये. आमच्या ओसरीवर नेमके हेच केलेले होते.

यात धोका असा. खांबावर, मीटरमध्ये किंवा घरात कोठेही न्यूट्रल तुटली, की चालू असलेल्या दिव्या-पंख्यातून किंवा चार्जरमधून फिरून आलेली वीज न्यूट्रलच्या तुटलेल्या भागावर चढते. तो भाग तर आपण वाहनाच्या सांगाड्याला जोडून ठेवलेला. दिवे गेले म्हणून माणूस उठतो, अंधारात चाचपडत गाडीला हात लावतो, आणि सांगाड्यावर पूर्ण २३० व्होल्ट असतात. चार्जरला लाल दिवा दाखविण्यासाठी जे ज्ञान दिले आहे त्याचे तोंड बंद करून आपण ही वेळ ओढवून घेतो. दिवा लाल झाला तर अर्थिंगचा खड्डा घ्यावा. दुसरा इलाज नाही.

आरसीसीबी बसवावा

अर्थिंग चांगले असले तरी ते एकटे पुरत नाही. ५ ओहमच्या चांगल्या अर्थिंगमधूनही गळतीचा प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर होतो. २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तात्काळ पडण्यास त्याच्या पाच ते दहापट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो तापून पडेल, पण त्यास मिनिटभर वा त्याहून अधिकही वेळ लागू शकतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध १०० ओहमवर गेला असेल तर प्रवाह अवघा २.३ अँपिअर होतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही आणि सांगाड्यावर वीज तशीच राहते.

यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. दुकानात त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या अल्पांशात लाइन तोडतो. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तो टाइप ए असावा. चार्जरमध्ये एसीचे डीसीत रूपांतर होत असल्याने स्वस्तातला टाइप एसी अशी गळती ओळखेलच असे नाही. दुसरी, त्याच्या पुढे न्यूट्रल व अर्थ कोठेही एकत्र जोडलेले नसावेत. जोडलेले असतील तर गळतीचा प्रवाह न्यूट्रलमधूनच परत येतो, फरक पडत नाही आणि आरसीसीबी गप्प राहतो. वरच्या मिस्त्रीच्या युक्तीचा हा दुसरा तोटा.

आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. न पडल्यास बदलावा. पगाराचा किंवा दुधाच्या बिलाचा दिवस ठरवून टाकला म्हणजे विसर पडत नाही. आणि तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणाऱ्यांनी, तो का पडतो हे आधी शोधावे.

जागा कोणती निवडावी?

शहरातील पुस्तिकांत याबाबत जे लिहिलेले असते ते आपल्या घरांना पुरत नाही. आपल्याकडे घर, गोठा, कडब्याची गंजी आणि धान्याची खोली हे सारे एका अंगणात असते.

कडबा, गवत, बियाण्याची पोती, डिझेलचा कॅन यांच्यापासून चार्जिंगची जागा पुरेशी दूर असावी. गोठ्यात सॉकेट बसवू नये. जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी तांबे-पितळेचे संपर्क लवकर गंजतात, व गंज म्हणजे रोध हे आपण वर पाहिलेच. शिवाय जनावरांना विजेचा धक्का माणसापेक्षा लवकर लागतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर असते. जमिनीत गळती झाली असता त्या अंतरात पडणारा दाब माणसाच्या पावलापेक्षा जास्त असतो, आणि पायात वहाणही नसते. अर्थिंगचा खड्डा गोठ्यापासून लांब घ्यावा असे म्हटले ते यासाठीच.

धान्याच्या खोलीत कीडनाशक गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, वापरत असाल तर तेथेही चार्जर किंवा बोर्ड नको. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला विषारी आहे, ज्वालाग्राही आहे, आणि तांब्याच्या संपर्कांना खातो. उंदरांचा उपद्रव असलेल्या जागी वायर पाइपातूनच न्यावी.

वाहन घराच्या एकुलत्या एका दाराशी किंवा जिन्याखाली लावून चार्ज करू नये. काही झाले तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. ज्या स्कूटरची बॅटरी काढून आत नेता येते, ती झोपण्याच्या खोलीत चार्जिंगला लावण्याची सवय घातक आहे. उत्तम जागा म्हणजे पत्र्याची किंवा स्लॅबची पडवी, वारा खेळता, ऊन-पाऊस न लागणारी, पक्की भिंत असलेली. सॉकेट जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंचीवर, झाकणाच्या पेटीत असावे, म्हणजे अंगणात पाणी साचले तरी ते पोचत नाही आणि लहान मुलांचा हातही. केबल जाण्यायेण्याच्या वाटेवर आडवी पडणार नाही असे पाहावे.

कमी-अधिक दाब व वीज कडाडणे

रोहित्रावरील न्यूट्रल तुटून घराघरातील टीव्ही जळाल्याचे प्रकार गावोगाव घडतात. त्या वेळी सिंगल फेजवर ३०० व्होल्टच्या वर दाब चढतो. चार्जर हे महाग उपकरण आहे. म्हणून त्याच्या लाइनवर कमी-जास्त दाबाला आपोआप तोडणारे उपकरण बसवावे आणि मुख्य बोर्डात विजेच्या लोटापासून संरक्षण करणारा एसपीडी घ्यावा. तरीही वळिवाचे ढग जमून कडकडाट सुरू झाला की पिन काढून ठेवणे हे सर्वांत स्वस्त संरक्षण.

कृषिपंपाच्या जोडणीवर चार्जिंग करू नये

हा प्रश्न शिवारफेरीत हमखास विचारला जातो. एप्रिल २०२४ पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळते, मग त्यावरच गाडी भरली तर काय बिघडले? बिघडते ते असे की, ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो व त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. दुसरे, शेतीच्या वाहिनीवर दाब सर्वात अस्थिर असतो व विहिरीवरील पेटीत अर्थिंगची अवस्था काय असते हे मी सांगावयास नको. वस्तीवर राहणाऱ्यांनी घरगुती जोडणी वेगळी घ्यावी.

बिल किती वाढेल?

तीन युनिटच्या बॅटरीची स्कूटर भरण्यास वाया जाणारी वीज धरून साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते व ती ९० ते १०० किलोमीटर जाते. रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्यास महिन्याला ३२-३५ युनिट लागतील. मोटार एका युनिटला साधारण सात किलोमीटर धरली तर महिना हजार किलोमीटरला १४०-१५० युनिट. येथे एक मेख आहे. घरगुती दर १०० युनिटच्या आत कमी व त्यापुढे टप्प्याटप्प्याने चढे असतात. ज्या घरात ९० युनिट जळत होते ते मोटारीमुळे २४० वर जाते, आणि हे वाढीव बहुतेक सर्व युनिट वरच्या दराने मोजावे लागतात. म्हणून आपल्या सध्याच्या सरासरी दराने हिशोब न करता वरच्या टप्प्याच्या दराने करावा. तरीही तो पेट्रोलपेक्षा कमीच पडतो.

मोटार घेणाऱ्यांनी छतावरील सौर संचाचा विचार जरूर करावा. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले आहे. मात्र बॅटरी नसलेला हा संच वीज गेली की बंद पडतो, हे आधीच ठाऊक असावे. भारनियमनात गाडी भरता येईल या आशेने तो घेऊ नये. सौर पंपाच्या पट्ट्यांना थेट तारा जोडून स्कूटर भरण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

रोजच्या वापरात

फिरून आल्यावर बॅटरी गरम असते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात तर फारच. अर्धा-पाऊण तास सावलीत गाडी निवू द्यावी, मग पिन लावावी. कंपनीने दिलेलाच चार्जर वापरावा. शेजाऱ्याच्या गाडीचा चार्जर पिन बसते म्हणून चालत नाही. २०२२ साली देशात विजेच्या स्कूटरना आगी लागण्याच्या घटना घडल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस १५६ हे मानक कडक करण्यात आले, म्हणून जुनी, वापरलेली गाडी किंवा स्थानिक बांधणीची बॅटरी घेताना अधिक सावध राहावे. पुरात बुडालेली अथवा आपटून पोचा आलेली बॅटरी तपासून घेतल्याशिवाय चार्ज करू नये. बॅटरीतून धूर, फुसफुस आवाज किंवा उग्र वास येऊ लागल्यास प्रथम मेन स्विच पाडावा, माणसे व जनावरे दूर न्यावीत आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. हा धूर विषारी असतो. जवळ जाऊन गाडी ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये.

आता काम पूर्ण झाल्यावरची पहिली रात्र. ती झोपेची नव्हे, असे समजावे. वाहन चार्जिंगला लावून एका तासाने सॉकेट, पिन, एमसीबी आणि मीटरजवळची वायर यांना वरून, कोरड्या हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट लागल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करावे आणि सकाळी ठेकेदाराला बोलावून तो जोड उघडावयास लावावा. दोन तासांनी पुन्हा पाहावे. आमच्या घरी नव्या लाइनवर दुसऱ्याच तपासणीत एमसीबीचा एक स्क्रू सैल सापडला. ठेकेदार कामात चांगला होता, तरीही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी अण्णा मेन बंद करून, पानकुडीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळे स्क्रू एकदा आवळतात, आणि सोयाबीनची पोती आता माजघरात ठेवतात.